आताकामाला पहिल्यांदा जाताना

चिलीतल्या सान पेद्रो दे आताकामाला पहिल्यांदाच जाताय, तर एवढं नक्की ऐका: पोहोचल्याच्या दुसऱ्या पहाटे एल तातियोचे गायझर, म्हणजे जमिनीतून उसळणारे उकळत्या पाण्याचे आणि वाफेचे झरे, बघायला निघू नका. गावच सुमारे २,४०० मीटरवर आहे आणि एल तातियोचं पठार ४,३०० मीटरच्या आसपास. आधी दोन दिवस खालीच फिरा, पाणी पीत राहा. वर गेल्यावर डोकं ठणकायला लागलं तर हट्ट न करता खाली उतरायचं.

एल तातियो मात्र चुकवू नका. जायचं ते पहाटेच. गारठा कडक असतो तेव्हाच वाफेचे खांब उंच दिसतात, ऊन चढलं की विरळ होत जातात. हातमोजे हवेतच, मी नेले नव्हते आणि कॅमेऱ्याचं बटण बोटांना कळेना. आखलेली वाट सोडू नका. जमिनीचं कवच पातळ असतं आणि खाली उकळतं पाणी. त्या उंचीवर ते ८६ अंशांनाच उकळतं, पण भाजायला तेवढं पुरे.

चंद्राच्या दरीत, म्हणजे वाये दे ला लूनात, दुपार कलल्यावर जा. तिथे मिठाच्या भिंतींजवळ दोन मिनिटं गप्प उभे राहा. तापमान बदललं की आतलं मीठ बारीक तडतडतं. मला सगळ्या प्रवासात तो आवाज सर्वांत जास्त आवडला.

फ्लेमिंगोंसाठी सालारमधलं, म्हणजे मिठाच्या मैदानातलं, चाक्सा तळं. आणि तारे बघायचे असतील तर तिकीट काढण्याआधी पौर्णिमा कधी आहे ते बघा, अमावस्येच्या आसपासचे दिवस धरा.