मागच्या सीटवरून

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे काका सांगत होते, तुम्ही दोघांनी कुणाची तरी वापरलेली टँडेम, म्हणजे दोघांनी पुढे-मागे बसून मारायची सायकल, आणली आणि येत्या रविवारी सायकल ग्रुपबरोबर जळगावहून विदगावच्या पुढे तापीच्या पुलापर्यंत यायचं ठरवलंय. लग्नाला चार महिने, टँडेमला चार दिवस. हिंमत आहे! गिअर, ब्रेक, टायरमधली हवा हे सगळं काकांनी फोनवर तासभर समजावलं असणार, त्यांना समजावायला फार आवडतं. पण काका पुढचे. गेली अकरा वर्षं मागे मी बसते. तेव्हा हे पत्र मागच्या सीटकडून पुढच्या सीटला आहे असं समज.

मागून काय दिसतं ते आधी ऐक. नवऱ्याची पाठ दिसते. डावीकडे केळीच्या बागा दिसतात, उजवीकडे कपाशी दिसते, बांधावरच्या बाभळींना अडकलेला कापूस दिसतो, बगळे दिसतात. फक्त समोरचा रस्ता दिसत नाही. पॅरालिम्पिकमध्ये दृष्टिहीन सायकलपटू टँडेमवर मागे बसतात आणि पुढे डोळस पायलट असतो. पहिल्यांदा टीव्हीवर ती शर्यत पाहिली तेव्हा मी काकांना म्हटलं, बघा, हे आपलंच चाललंय. रस्त्याच्या बाबतीत मी आंधळीच असते.

आपल्याकडे डबलसीट सगळ्यांनाच माहीत. कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसायचं, पुढचा मारतो पायडल, मागचं माणूस म्हणजे सामान. टँडेमवर बायको सामान नसते. डाव्या बाजूला जी जास्तीची चेन आहे ना, तिने तुमच्या दोघांचे पायडल एकमेकांना बांधलेत. तू फिरवलेस की तिचे फिरणार, तू थांबलास की तिचेही तिथल्या तिथे थांबणार, मग तिला थांबायचं असो वा नसो. न सांगता पायडल मारणं थांबवलंस तर झटका तिच्या गुडघ्यात बसतो. तुला कळतही नाही.

टँडेमवाले पुढच्याला कॅप्टन म्हणतात आणि मागच्याला स्टोकर. स्टोकर म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसूच आलं, कारण माझे वडील भुसावळला कोळशाच्या इंजिनावर फायरमन होते. म्हणजे बापाचा धंदा लेकीकडे आला. आण्णा सांगायचे, इंजिनावर सिग्नल नुसता बघून चालत नाही, तोंडाने बोलावा लागतो. ड्रायव्हर म्हणणार, ‘सिग्नल पडला.’ फायरमनने तेच परत म्हणायचं. दोघांना दिसत असलं तरी म्हणायचं. ही सवय त्यांची घरीही गेली नाही. जेवताना आई म्हणायची, ‘भाकरी झाली,’ की आण्णा ताटावरून म्हणत, ‘भाकरी झाली.’ आम्ही पोरं खिदळायचो.

काकांना मात्र ही सवय नव्हती. आमच्या पहिल्या ग्रुप राइडला ममुराबादच्या अलीकडे एक गतिरोधक होता, पांढरे पट्टे नसलेला. काकांना तो दिसला, त्यांनी पायडल थांबवले, कोपर सैल सोडले, सीटवरून जरासे उचलले गेले आणि अलगद पार झाले. मी मात्र बरोबर मागच्या चाकावर, पूर्ण वजन टाकून बसलेली. माझी जीभ दाताखाली आली. तोंडात रक्ताची चव घेऊन मी विदगावपर्यंत एक शब्द बोलले नाही. ग्रुपमधल्या बाकीच्यांना वाटलं, वहिनी निसर्ग बघताहेत. पुलावर थांबल्यावर काका म्हणाले, ‘मस्त चाललंय की!’ तिथून घरापर्यंत काय झालं ते लिहीत नाही.

त्या रात्री आम्ही चार शब्द ठरवले. ‘खड्डा’ म्हणजे खड्डा, गतिरोधक, दगड, काहीही. ऐकलं की मी पायडलवर भार घेऊन सीटवरून बोटभर उचलते. ‘ढील’ म्हणजे पायातला जोर काढ, पण फिरवत राहा, गिअर बदलतोय. चार पायांचा जोर चेनवर असताना गिअर टाकलास तर चेन कडाडते, पडते, कधी तुटतेसुद्धा. ‘थांब’ म्हणजे पाय स्थिर, गाडी नुसती पळू दे. आणि ‘ब्रेक’ म्हणजे ब्रेक. तुमचे शब्द तुम्ही निवडा, अहिराणीत ठेवा नाहीतर तुमच्या दोघांच्या भाषेत. पण लहान ठेवा आणि तिने ते परत उच्चारलेच पाहिजेत. परत उच्चारले नाहीत तर वाऱ्यात ऐकू आले की नाही, हे तुला कळणार कसं?

आणि खड्डा लागलाच, तर माफी पुढच्याने मागायची. रस्ता कुणाचाही असो.

आता सुरुवात कशी करायची ते नीट वाच, कारण रविवारी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फजिती होते ती इथेच. तू आधी सायकलवर टांग टाकायची, दोन्ही पाय जमिनीवर, फाकवून, रुंद. दोन्ही ब्रेक दाबलेले. मग ती चढणार, दोन्ही पाय पायडलवर ठेवून सीटवर बसणार. सायकल तू धरलेली आहे, तिचं काम फक्त बसण्याचं. मग ती पायडल उलटे फिरवून तुझा उजवा पायडल तुला हवा तिथे आणून देईल. नेमक्या याच वेळी पाय जवळ असतील तर पायडल तुझ्या नडगीवर बसतो. काकांच्या नडगीवर अजून काळा डाग आहे, विचार त्यांना दाखवायला. पायडल जागेवर आला की ‘एक, दोन, तीन’, ब्रेक सोडायचे आणि दोघांनी एकदम जोर लावायचा. पहिल्या दोन वळशांत सायकल डगमगते. तेव्हा ती घाबरून तोल सावरायला गेली तर आणखी डगमगेल. तिला सांग, पोत्यासारखी नाही पण खांबासारखी बस. थांबताना उलटं: तू पाय टेकवायचे, ती वरच बसून राहील. सिग्नलला, रेल्वे गेटला, चहाच्या टपरीपाशीसुद्धा. दर वेळी उतरायची गरज नाही.

शुक्रवारी, शनिवारी आसोद्याच्या रस्त्याने दोघंच जाऊन या. बहिणाबाईंचं गाव तेवढंच पाहून होईल, आणि सुरुवात-थांबणं वीस वेळा करून झालं की पाय आपोआप शिकतात. वाटेत रूळ ओलांडावे लागले तर सरळ काटकोनात ओलांड, तिरके नाही.

ग्रुपमध्ये एक गोष्ट पहिल्याच दिवशी लोकांना खटकेल. चढावर तुम्ही मागे पडाल आणि उतारावर सगळ्यांना मागे टाकाल. शिवाजीनगरच्या पुलावर चढताना साध्या सायकलवाले तुम्हाला हसत हसत ओलांडतील. ओलांडू दे. दोन माणसांचं वजन वर ओढायचंय आणि दोघांचे पाय अजून एका तालात नाहीत. चढ लागायच्या आत हलका गिअर टाक, मधे नाही. उतरताना मात्र वजन दोन माणसांचं आणि वारा अडवणारं अंग जेमतेम एकाचं, त्यामुळे गाडी अशी धावते की पुढच्यांना ओरडून सांगावं लागतं. म्हणून उतार लागायच्या आधी पुढे जा, नाहीतर मोठं अंतर राख. दुसऱ्याच्या मागच्या चाकाजवळ तुझं पुढचं चाक नेऊ नकोस. आठ फुटांची सायकल आहे, साध्या सायकलसारखी पटकन बाजूला होत नाही. सपाट रस्त्यावर चार-पाच जण तुमच्या मागे वारा चुकवायला चिकटतील, टँडेमची आड फार छान मिळते. त्यांना चिकटू दे, पण ब्रेक लावण्याआधी मोठ्याने ओरड. मागून येणाऱ्यांना हाताच्या खुणा ती करेल, तुझे हात हँडलवरच राहू देत. मागून केळीचा ट्रक किंवा कापसाची गच्च भरलेली गाडी येत असेल तर तीच तुला सांगेल. तुला मागचं दिसत नाही, तिला पुढचं. बरोबरीचा सौदा आहे.

दर पंधरा-वीस मिनिटांनी दोघांनी ‘थांब’ म्हणून पायडल आडवे ठेवायचे आणि दहा सेकंद सीटवरून उठायचं. हे तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. तुला खड्डा आधी दिसतो, तू अंग उचलतोस. तिला प्रत्येक खड्डा बसल्या जागी मिळतो. त्यामुळे पाठ आणि बूड आधी तिचं बोलतं. ती म्हणाली ‘थांबू या’, तर थांबायचं. ग्रुप पुढे गेला तरी थांबायचं. ग्रुप कुठे जात नाही, पुलावर चहा पीत बसलेला असतो.

बाकीचं थोडक्यात. दोन माणसांच्या वजनाला जाड टायर आणि भरपूर हवा. शेतरस्त्याच्या कडेने उतरू नकोस, सराट्याचे काटे असतात. पंक्चर बहुतेक मागच्या चाकाला होतं आणि ते चाक काढायला वेळ लागतो. एक ट्यूब आणि पंप तिच्या पिशवीत. तिची ओढणी चेनपासून लांब, सलवारीच्या पायाला रबर. डिसेंबरात साडेसहाला अंधार असतो, पुढे-मागे दिवा हवाच. सायकलीला नुसते रिमचे ब्रेक असतील तर चाळीसगावकडून कन्नड घाटावर चढण्याउतरण्याचा विचार सध्या मनात आणू नकोस. लांब उतारावर ब्रेक धरून ठेवले की रिम तापते आणि ट्यूब फुटते. आणि केळी घेऊन या. जळगावच्या राइडला बाहेरची एनर्जी बार काढली तर लोक बोलतील.

एक गोष्ट मला उशिरा कळली. वेग तुला वाटतो तेवढा नको असतो तिला, आणि पाय तुझ्यापेक्षा भराभर फिरवणं तिला सोपं जातं. तुझे पाय लांब, तिचे आखूड. लांब पायवाल्यांना जड गिअर आवडतो, आखूड पायवाल्यांना हलका. पण गिअर दोघांना मिळून एकच आहे. आमच्याकडे पहिले दोन महिने काका जड गिअर दामटत राहिले आणि मी गुडघ्याला तेल चोळत राहिले, दोघांनाही वाटलं की दुसऱ्याची तक्रार आहे. तक्रार गिअरची होती. तू हलका ठेव. घाम जास्त येईल, गुडघे वाचतील.

पूल झाला की परत येताना आमच्याकडे उतरा. बामणोदची वांगी आणून ठेवली आहेत, काका तुरीच्या काड्यांवर भाजतील, मी कळण्याच्या भाकरी करते. ती तिखट कमी खाते असं ऐकलं, तिच्यासाठी भरीत वेगळं काढीन.

सोबत तिच्यासाठी एक चिठ्ठी आहे. घडी उघडू नकोस, त्यात तुझ्याबद्दल लिहिलंय.

तुझी,
काकू