डिगरने बटाटे काढताना तासाला किती क्षेत्र निघायला हवं?

तुम्ही लिहिलंय की शिकायला पुण्यात असता, दसऱ्याच्या सुट्टीत बेळगावकडं घरी येणार आहात आणि काकांनी यंदा बटाटे काढायला ट्रॅक्टरवर तुम्हाला बसवायचं ठरवलंय. तासाला अर्धा एकर निघालाच पाहिजे, नाहीतर डिझेल आणि भाडं फुकट, असं काका म्हणतात. हा आकडा बरोबर आहे का, एवढंच तुम्हाला हवंय.

आकडा बरोबर आहे. दोन ओळींचा डिगर (ट्रॅक्टरमागं लावून बटाटे उकरायचं यंत्र), वरंब्यापासून वरंबा दोन फुटांवर, म्हणजे एका फेरीत चार फुटांचा पट्टा. ताशी अडीच किलोमीटर चाल धरली तर कागदावर २८-३० गुंठे होतात. बांधावर वळणं, साखळीत अडकलेलं तण काढणं, पोती बाजूला करायला थांबणं यात तिसरा हिस्सा वेळ जातो. राहिले २० गुंठे, म्हणजे तुमच्या काकांचा अर्धा एकर. बेळगावजवळच्या कडोली, अगसगा, हंदिगनूर या पट्ट्यात एकेक तुकडाच वीस-पंचवीस गुंठ्यांचा असतो, वळणं जास्त होतात, तेव्हा त्याहून थोडं कमी धरा.

पण तासावर मोजायचंच कशाला? हा वाद आमच्या घरात झालेला आहे आणि माझ्या दिरांच्या मते तो अजून मिटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची तांबडी जमीन. मृगात लावण, नवरात्राच्या मागेपुढे काढणी. बियाणं जालंधरचं, बहुतेक कुफरी ज्योती. मी लग्न होऊन आले तेव्हा बटाटे बैलांच्या नांगरानं उकरायचे आणि बायकांनी मागून वेचायचे. नंतर घरातले पुरुष एकेक करून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये कामाला लागले, बैल गेले आणि डिगर भाड्यानं यायला लागला. वेचणं मात्र बायकांकडंच राहिलं, आजही आहे. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, भाताचं. वडिलांनी मला पॉवर टिलर आणि पुढं ट्रॅक्टरही शिकवला होता. सासरी हे सगळ्यांना माहीत होतं, पण काढणीच्या दिवशी ट्रॅक्टरवर दीर आणि मागे बुट्टी घेऊन मी, असंच ठरलेलं.

त्या वर्षी डिगरचं भाडं तासावर ठरलेलं होतं आणि हस्ताचा पाऊस रोज दुपारनंतर ढग जमवत होता. भाऊजींनी सकाळपासून घाई लावली. दुसऱ्या गिअरवर घातला, इंजिनाची रेस वाढवली आणि जोरात ओढता यावं म्हणून पातं वर घेतलं. आम्ही पैऱ्याच्या, म्हणजे एकमेकींच्या रानात आळीपाळीनं राबणाऱ्या, बायका मागे. पहिली फेरी संपायच्या आत आमच्यातली एक म्हातारी बाई म्हणाली, "अगं, सगळं कापलेलंच यायलंय बघ."

मला त्याआधी आवाजानं कळलं होतं. डिगर नीट चालत असेल तर सळ्यांच्या साखळीवरून माती आणि बटाटे एकत्र वर चढतात आणि माती शेवटच्या टप्प्यापर्यंत बटाट्याखाली राहते. आवाज जाड, दबका येतो. माती आधीच गळून गेली की बटाटा उघड्या लोखंडावर नाचतो आणि खडखड ऐकू येते. त्या दिवशी बांधापर्यंत खडखड ऐकू येत होती. मी एक बटाटा उचलला, मधोमध कापलेला. दुसरा दिसायला अख्खा, पण अंगठा फिरवल्यावर साल ओल्या कागदासारखी गुंडाळत गेली आणि आतल्या ओल्या गरावर लगेच तांबडी धूळ चिकटली.

मी पुढं जाऊन हात वर केला. ते थांबले नाहीत. बांधावर वळताना मी आडवी उभी राहिले तेव्हा थांबले. म्हणाले, "वहिनी, तुम्ही मागं वेचायचं बघा, मशीनचं मी बघतो." मी म्हटलं, मशीनचं काय होतंय ते मागंच दिसतं, तुम्हाला पुढं काय दिसणार? आवाज चढले. चहा घेऊन आलेले मामंजी मध्ये पडले. त्यांनी ना माझी बाजू घेतली ना त्यांची. दिरांना म्हणाले, "खाली उतर." मला म्हणाले, "दोन सऱ्या तू काढ."

मी काढल्या. पहिल्या लो गिअरवर. इंजिन एवढंच ठेवलं की मीटरवरच्या ५४० च्या खुणेवर काटा राहील, म्हणजे डिगर फिरवणारा ट्रॅक्टरमागचा शाफ्ट (पीटीओ) मिनिटाला ५४० फेरे घेईल. पातं खाली घेतलं. किती खाली, ते मशीनवर बसून ठरवता येत नाही. आधी उतरून कुदळीनं वरंबा उभा कापायचा, सगळ्यात खालचा बटाटा कुठं आहे ते बघायचं आणि पातं त्याच्या बोटभर खाली चालवायचं. आमच्याकडं ते वरंब्याच्या माथ्यापासून साधारण वीतभर येतं. वर राहिलं तर बटाटे कापतं, फार खाली गेलं तर ढेकळं वर येतात आणि ढेकूळ दगडाइतकंच बटाट्याला मारतं. टॉप लिंक, म्हणजे डिगरला ट्रॅक्टरशी वरून जोडणारा दांडा, थोडी फिरवली की पात्याचा कोन बदलतो, ते पहिल्या दहा-पंधरा पावलांतच जमवून घ्यायचं. साखळीवर माती लवकर गळत असेल तर चाल थोडी वाढवा किंवा साखळीची हादर कमी करा. माती शेवटपर्यंत गळतच नसेल तर जमिनीला अजून वाफसा नाही, म्हणजे ती काम करण्याजोगी सुकलेली नाही. तेव्हा घरी जा.

मग मामंजी म्हणाले, "वता दोन्ही बुट्ट्या हितं." पोत्याच्या पटकुरावर एक दिरांच्या फेरीची, एक माझ्या फेरीची. म्हातारा माणूस उकिडवा बसून एकेक बटाटा हातात घेऊन बघत होता आणि सगळ्या बायका कडेनं उभ्या. दिरांच्या बुट्टीत तळापर्यंत कापलेले निघत गेले. माझ्या बुट्टीत कापलेले नव्हतेच असं मी म्हणत नाही, होते, पण ते बाजूला काढायला एक मूठ पुरली. मामंजी काही बोलले नाहीत. उठून किल्ली माझ्या हातात दिली. तेव्हापासून आमच्या घरी काढणीला ट्रॅक्टर मी चालवते.

भाऊजींचं म्हणणं आजही असं की त्या दिवशी माझ्यामुळं भाडं वाढलं आणि पाऊस आला तेव्हा रानाचा एक तुकडा काढायचा राहिला. दोन्ही खरं आहे. पण राहिलेला तुकडा जमिनीत होता. तांबड्या रानात पाणी ठरत नाही. ऊन पडलं, वाफसा आला, काढला, माल चांगला निघाला. उलट घाईनं काढलेला, साल सुटलेला माल पोत्यात भरून बेळगावच्या मार्केट यार्डात गेला. तिथं बुधवारी आणि शनिवारी बटाट्याचा बाजार असतो, आपल्या जवारी बटाट्याला गोव्याचं गिऱ्हाईक असतं. अडत्या पोत्याच्या तोंडाकडचा माल बघतच नाही, थेट मध्ये हात घालतो. हात ओला निघाला की गोळा, म्हणजे मोठ्या, बटाट्याचा भाव गेला, पोतं किरकोळात. एक कापलेला बटाटा पाझरतो आणि शेजारचे चार घेऊन जातो, हे काय त्याला सांगायला लागतं होय? भाड्याच्या एका तासाचे पैसे आणि भावातला फरक शेजारी शेजारी मांडा. मी मांडलेत, भाऊजींना दाखवलेत. ते अजून तासच मोजतात.

म्हणून माझं मत सरळ आहे. ज्यानं कधी मागं वाकून बटाटे वेचले नाहीत, त्यानं डिगर चालवू नये. तुम्ही पुण्याहून येताय, पहिल्या दिवशी सकाळभर बायकांबरोबर वेचा. कोणी हसेल, हसू दे. मशीन कुठं कापतंय, कुठं बटाटे मातीत परत गाडतंय हे हातांना कळेल. दुसरं म्हणजे वेचणाऱ्यांमध्ये एकीला आधीच सांगून ठेवा की तिनं हात वर केला की ट्रॅक्टर थांबणार, का म्हणून विचारायचं नाही. तुमची चाल तिच्या बुट्टीवर ठरते. तुम्ही पुढं धावलात आणि मागं बटाटे उन्हात पडून राहिले तर हिरवे होतात, ते खायच्या कामाचे नाहीत. शिवाय न वेचलेल्या ओळीला लागून पुढची फेरी घेतली तर तुमचंच टायर मालाच्या कडेवरून जातं. वेचणाऱ्या कमी असतील तर दोन ओळी सोडून पुढच्या दोन काढा.

पाला काढणीच्या दहा-पंधरा दिवस आधी कापून बाहेर टाकलेला हवा. त्याशिवाय साल घट्ट होत नाही आणि मग चाल कितीही हळू ठेवा, सोलणारच. अंगठ्यानं घासून बघायचं, साल सुटली तर मशीन बोलवायचंच नाही. तणही आधी काढून घ्या, आपल्याकडं पावसाळी बटाट्यात ते फार माजतं आणि साखळीला गुंडाळतं.

हे गुंडाळलेलं तण काढण्याबद्दल मात्र मी तुमच्या काकांशीही भांडेन. पीटीओ ५४० वर म्हणजे शाफ्ट सेकंदाला ९ वेळा फिरतो. पदर, टॉवेल, स्वेटरची बाही, काहीही त्यात गेलं तर सोडवायला वेळच मिळत नाही, माणूस ओरडायच्या आत ओढला जातो. तण काढायचं तर पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात. "चालू असतानाच काठीनं ढकल" म्हणणारे गावात पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नका. बांधावर वळताना डिगर उचलायच्या आधी पीटीओ सोडा, नाहीतर वाकड्या कोनात शाफ्टचा जॉइंट झिजतो. उचललेल्या डिगरखाली हात किंवा डोकं घालायचं नाही, आधी जमिनीवर टेकवा. मडगार्डवर पोरांना बसवायचं नाही, ते रडले तरी नाही. आमच्याकडं वेचायला आलेली प्रत्येक बाई पदर खोचून वर शर्ट घालते, न घालणारीला मी मशीनच्या मागं उभी राहू देत नाही. यावरूनही मला बोलणी बसलीत.

आता जे सांगायचं राहिलं ते. हे सगळं तांबड्या, निचऱ्याच्या रानाचं आहे. काळ्या जमिनीत पाऊस पडल्यावर वाफशाची वाट बघणं लांबतं, तिथं माझा हिशेब तसाच लावू नका. राहिलेला तुकडा जमिनीत सुरक्षित असतो हेही करपा नसेल तरच. पाल्यावर करपा येऊन गेला असेल तर रोग बटाट्यात उतरतो आणि ओल्या जमिनीत माल सडतो, तिथं थांबणं महागात पडेल. तेवढ्यापुरती दिरांची घाई बरोबर ठरेल. लावण बैलाच्या जुन्या अंतरानं, दीड फुटावर केली असेल तर दोन ओळींचा डिगर लावूच नका. टायर वरंब्यावरून जाणार आणि कितीही हुशार ड्रायव्हर असला तरी माल चिरडणार. ते अंतर जूनमध्येच ठरलेलं असतं, आता त्याला इलाज नाही.

काकांना एक सुचवून बघा. भाडं तासावर ठरवू नका, एकरावर ठरवा. कृषी यंत्रधारे केंद्रातून (कर्नाटक सरकारच्या योजनेतलं, यंत्रं भाड्यानं देणारं केंद्र) मशीन घेणार असाल तर तिथला दर कसा आहे ते आधी विचारा, खाजगी मालकाशी तर हे बोलून ठरवता येतंच. एकरावर ठरलं की डोक्यावरचं घड्याळ उतरतं. फक्त मशीनवाला स्वतःचा ड्रायव्हर पाठवणार असेल तर उलटं होतं, घाई त्याला सुटते. मग त्याला पहिल्या दोन ओळींनंतर थांबवा आणि त्याच्यासमोरच बुट्टी ओता. आणि मशीन दारात आलं की आधी शाफ्टचं कव्हर बघा. तुटलेलं असलं किंवा नसलंच तर बसवून आण म्हणावं, तोवर वेचणाऱ्यांना रानात बोलवू नका.