नायक मेला म्हणजे पाप फिटलं का?

तुमच्या पटकथेत नायक रात्री बीडजवळ एका ऊसतोड मजुराला गाडीखाली चिरडून पळतो. वर्षभर त्याला भास होत राहतात आणि शेवटी माजलगाव धरणात एका पोराला वाचवताना तो स्वतः बुडतो. हे प्रायश्चित्त झालं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही. नवऱ्याला कुणी उडवलं हे त्या मजुराच्या बायकोला अजूनही कळलेलं नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; तिचा आता अर्धाच राहिला, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल मात्र पुरी फेडायची. नायक सुटला, ती तिथंच आहे.

'द मशिनिस्ट' (2004) परत बघा. (पुढं शेवट फोडतोय.) ख्रिश्चन बेलचा ट्रेव्हर वर्षभर झोपलेला नाही, अंगावर नुसती हाडं. फ्रीजवर चिकटवलेल्या चिठ्ठीत गाळलेल्या अक्षरांचं कोडं आहे. ते सुटतं तेव्हा शब्द निघतो 'किलर'. एका मुलाला गाडीनं उडवून तो पळाला होता आणि मनानं ते गाडून टाकलं होतं. आठवल्यावर तो जीव देत नाही. पोलीस ठाण्यात जाऊन कबुली देतो, आणि कोठडीत त्याला झोप लागते. मरणापेक्षा हे कितीतरी अवघड, म्हणूनच ते पटतं.

'शटर आयलंड'च्या (2010) शेवटावर वाद आहेत. मला वाटतं, नायक शुद्धीवर असूनही भ्रमात असल्याचं सोंग करतो आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेला मुकाट्यानं जातो. सिनेमा जबरदस्तच, पण अपराध आठवणारं मनच काढून टाकायचं, याला मी त्याग म्हणणार नाही.

आणि अजिंठ्याला गेलात तर 10 व्या लेण्यातलं षड्दंत जातकाचं चित्र बघा; बुद्धाच्या मागच्या जन्मातली, सहा दातांच्या हत्तीची ही गोष्ट. गेल्या जन्मीचा राग धरून राणी हत्तीचे दात आणायला शिकारी धाडते. घायाळ हत्ती दात काढायला स्वतःच मदत करतो. पण चित्रकारानं राणीही रंगवलीय, ते दात समोर येताच कोसळणारी. त्याग ज्याच्यापर्यंत पोचायचा, तो माणूस चित्रात आहे. तुमच्या पटकथेत नेमका तोच नाही.

धरणाचा प्रसंग आवडत असेल तर मध्यंतराला घ्या. पोरगं वाचतं, नायकही वाचतो, गावात सत्कार होतो आणि भास आणखी वाढतात. मग त्याला ऊसतोडीच्या फडावर, त्या मजुराच्या बायकोच्या कोपीसमोर, म्हणजे झोपडीसमोर, उभा करा. त्याच्या कबुलीआधी तिचे संवाद लिहा. ती माफ करेलच असं धरून चालू नका.