रिपोर्ट नॉर्मल, मग डिप्रेशन कसं?

"मॅडम, एमआरआय नॉर्मल आलाय, मग डिप्रेशन कसं काय?" हा प्रश्न ऐकून ऐकून पाठ झालाय. म्हणून एकांची गोष्ट सांगते, ओळख पटू नये इतपत बदलून.

देवगडकडचे आंबा बागायतदार, पन्नाशीचे. पहाटे तीनला जाग, मग आढ्याकडे बघत पडून राहायचं, ऐन सीझनला बागेत पाय नाही. कोल्हापूरला जाऊन एमआरआय केला, ते मोठं पाकीट टेबलावर ठेवून म्हणाले, "ह्येच्यात कायच नाय गावला, मगे माका झालाहा काय?" बायको लगेच, "नाटका करतत, दुसरा काय!"

मी म्हटलं, काका, कलमाचा फोटो काढला तर मुळं पाणी किती ओढतायत ते दिसतं का? गाठ नाही, रक्तस्राव नाही, एवढंच हा रिपोर्ट सांगतो, डिप्रेशन त्यावरून ठरतही नाही आणि खोडूनही टाकता येत नाही. मेंदूचं कामकाज दाखवणारे स्कॅन वेगळे, तेही अजून संशोधनातच जास्त वापरतात. २००५ मध्ये टोरंटोत हेलन मेबर्ग या न्यूरॉलॉजिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुठल्याच उपचाराला दाद न देणाऱ्या ६ पेशंटच्या मेंदूत बारीक तारा बसवून गरजेपेक्षा जास्त काम करणारा एक भाग शांत केला, आणि ४ जण चांगले सुधारले. हे ऐकताना वहिनी गप्प झाल्या, मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे ह्ये मुद्दाम नाय करणत?" माझ्या मते उपचार तिथून सुरू झाले, कारण घरातलं "नाटक" थांबल्याशिवाय गोळी तरी किती पुरणार!

गोळ्या सायकियाट्रिस्टनी दिल्या. आठवड्यात फरक नाही म्हणून बंद करायला निघाले होते, पण फरक दिसायला दोन ते सहा आठवडे द्यावेच लागतात, आणि बंदही डॉक्टरांना विचारूनच करायच्या. माझं काम दुसरं. उत्साह आला की कामाला लागू, असं सगळे म्हणतात, मी उलटं करायला लावते, आधी हात हलवा. रोज अर्धा तास, गडी आंब्याच्या पेट्या भरतात तिथे नुसतं जाऊन बसायचं, एवढंच ठरवलं.

एक दिवस वहिनींचा फोन, "मॅडम, आज गड्यावर वराडले!" पेंढा कमी घातला म्हणून पाच डझनाची पेटी काकांनी उपसून परत भरायला लावली होती. कोणाला हा राग वाटेल, मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, इतके दिवस त्या माणसाला कशाचं काहीच वाटत नव्हतं हो.

तर रिपोर्ट असेल तर आणा, पण झोप, भूक, कामातलं लक्ष आधी सांगा. आणि मरणाचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, रात्रीही चालू असतं, मराठीत बोलतात.