साडेतीन वर्षाच्या पोराला काय विचारायचं?

प्रश्न: ताई, आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. मुलगा साडेतीन वर्षाचा, जूनपासून नर्सरीत जातोय, घरी मराठीच बोलतो, गुजराती थोडं थोडं कळतं. शाळेत डबा संपवल्याशिवाय उठू देत नाहीत, तो रडतो, परवा तर उलटी झाली. मी मॅडमना म्हटलं पोट भरलंय का त्याला विचारा तरी, तर म्हणाल्या एवढ्याशा मुलांना काय समजतं. सासूबाईही तेच म्हणतात. इतक्या लहान मुलाला खरंच असा काही हक्क असतो का?
- एक आई, बडोदा

उत्तर: असतो, आणि नुसता म्हणायला नाही. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार 1989 मध्ये झाला, भारताने 1992 मध्ये तो स्वीकारला. त्याचं 12वं कलम म्हणतं की मुलाशी संबंधित गोष्टींत त्याला आपलं मत सांगायचा हक्क आहे आणि वय, समज बघून त्या मताला वजन द्यायचं. अमुक वर्षाच्या वरच, असं त्यात कुठेही नाही. उलट 2005 मध्ये कराराच्या समितीने आठ वर्षांखालच्या मुलांबद्दल वेगळं मार्गदर्शन काढलं, त्यात स्पष्ट आहे की बोलता यायच्या कितीतरी आधीपासून मूल निवड करत असतं, भावना सांगत असतं. तोंड घट्ट मिटणं, मान फिरवणं, डबा सरकवणं, हे सांगणंच आहे हो. उलटी व्हायच्या आधी त्याने नक्की दहादा सांगितलं असणार, कुणी ऐकलंच नाही, याचा मला फार राग येतो.

सासूबाईंना एवढं सांगा की मुलाचं ऐकणं म्हणजे तो म्हणेल तसंच करणं नव्हे. औषध घ्यायचं का, रस्त्यावर हात सोडायचा का, हे मोठ्यांनीच ठरवायचं, फक्त का ते त्याला सांगायचं. पण पोट कुणाचं भरलंय हे त्यालाच माहीत ना. किती खायचं, आधी चित्र की आधी ठोकळे, इतकं तर त्याच्या हातात राहू द्या. आणि हे काही परदेशी खूळ नाही, गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं, बालशिक्षणात काम करणाऱ्या आपल्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्यासोबत होत्या, मूल आपल्या आवडीने काम निवडेल हाच तिथला पाया होता.

मला भाषेचीही काळजी वाटते. मॅडम गुजराती बोलणार, हा मराठी, मग पुरे झालं हे त्याने सांगायचं कसं? 2020 चं शिक्षण धोरणसुद्धा शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं. तुम्ही एक चिठ्ठी करा, पुरे, नको, शू आली, दुखतंय, आई कधी येणार, असे त्याचे शब्द आणि समोर गुजराती, आणि ती मॅडमना द्या. मदतनीस बेनना मराठी येतं का तेही विचारा, बडोद्यात बऱ्याच जणींना येतं.

तुम्ही डबा अर्धाच भरून द्या, आणि उरेल तो तसाच घरी पाठवा असं मॅडमना शांतपणे सांगा, त्याच्यासमोर वाद नको. तरी जबरदस्ती थांबली नाही तर प्रिन्सिपलना लेखी द्या. तेही ऐकत नसतील तर वर्ष मधेच आहे, फी भरलीय, याचा विचार न करता सरळ दुसरी शाळा बघा, आणि तिथे आधी डब्याच्या सुट्टीत जाऊन बसा, मुलं कशी जेवतात ते दिसेल.