कोकणात दोन दिवसांत चालत फिरून नदीच्या खोल दरीचे फोटो काढायला कुठे आणि कधी जावं?

तुम्ही पनवेलला राहता, नवा कॅमेरा घेतलाय, समुद्रकिनारे बघून झालेत आणि शनिवार-रविवारच मोकळे असतात, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही कुंडलिकेच्या दरीत जा, ताम्हिणी आणि भिऱ्याच्या मधल्या. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर संपेपर्यंत कधीही. मी रोह्याचा. ही नदी आमच्या गावातून जाते आणि तिच्या वरच्या अंगाला मी बरीच वर्षं फिरतोय. शनिवारी संध्याकाळी दरी वरून बघा आणि रविवारी सकाळी तळातून. सगळेजण एकाच दिवसात दोन्ही उरकतात आणि नेमका चुकीचा उजेड पदरात पडतो.

दरी वरच्या टोकापासून साधारण पश्चिम-नैर्ऋत्येला उघडते. नोव्हेंबरात सूर्यही तिकडेच मावळतो. त्यामुळे घाटमाथ्यावरच्या पिंपरी गावाजवळच्या (पिंपरी-चिंचवड नव्हे) कड्यावर संध्याकाळी साडेचारला उभे राहिलात तर ऊन दरीच्या लांबीने आत येतं, उत्तरेकडची भिंत तांबूस होते आणि दक्षिणेकडची निळसर सावलीत राहते. दुपारी १२ वाजता हीच दरी सपाट, पांढुरकी दिसते. दुसऱ्या दिवशी खाली दरीच्या तळाशी, देवकुंडाच्या धबधब्यापाशी मात्र उलटं हवं असतं. तिथे तिन्ही बाजूंनी कडे आहेत, सकाळी उशिरापर्यंत ऊन पाण्यापर्यंत पोचत नाही आणि त्या एकसारख्या सावलीतच धबधबा, ओला कातळ, शेवाळ हे सगळं एका फोटोत नीट येतं. ऊन एकदा पाण्यावर पडलं की अर्धा फोटो पांढरा आणि अर्धा काळा.

जुलैत जाऊ नका असं मी कळकळीने सांगतो. धुक्यात दरी दिसतच नाही, हे एक. दुसरं जास्त गंभीर आहे. ताम्हिणी राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक. घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस या अरुंद घळीतून खाली यायला फार वेळ घेत नाही, आणि खाली भिऱ्यात तेव्हा नुसतं ढगाळ असू शकतं. देवकुंडाला माणसं बुडाली आहेत, म्हणून प्रशासन पावसाळ्यात तिथे जायला बंदी घालतं. ती बंदी पाळा.

सप्टेंबरच्या शेवटी मी स्वतः एकदा चुकलो होतो. ओढ्याच्या मधल्या खडकावर तिपाई लावली होती. पाणी स्वच्छ होतं, डोक्यावर ऊन होतं. बरोबरच्या वाटाड्याने पाण्यावर तरंगत आलेला पालापाचोळा बघितला आणि "दादा, उचला, आत्ताच्या आत्ता" म्हणून मला काठावर ओढलं. दहा मिनिटांत तो खडक दिसेनासा झाला आणि पाणी चहासारखं तांबडं. तेव्हापासून पाचोळा, गढूळपणा किंवा आवाजातला बदल, यातलं एक जरी जाणवलं तरी मी आधी वर चढतो.

आता ही दरी फोटोत इतकी चांगली का उतरते ते. सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर. काही थर कठीण, काही ठिसूळ. पूर्वेकडच्या नद्या सावकाश पार बंगालच्या उपसागरापर्यंत जातात, आपल्या कोकणातल्या नद्या मात्र थोड्याच अंतरात शेकडो मीटर उतरतात. तेवढ्या जोराने त्या कडा मागे मागे कापत नेतात. ठिसूळ थर झिजतो, कठीण थर उभा राहतो, आणि कडा, पायरी, पुन्हा कडा अशी आडवी रेघ दरीभर जाते. ती रेघ पकडा. गवत पिवळं पडायला लागलं की ती जास्त स्पष्ट होते, म्हणून मला ऑक्टोबरपेक्षा नोव्हेंबर किंचित जास्त आवडतो. वरून बघताना वाइड लेन्सचा मोह होतो, पण ७०-२०० मिमीसारखी दूरचं जवळ आणणारी लेन्स लावून एकामागे एक उतरणाऱ्या डोंगराच्या सोंडा बघा. सगळी दरी एकाच चौकटीत कोंबली की तिची खोलीच हरवते. ऑक्टोबरात पठारावर सोनकीची पिवळी फुलं असतात, ती पुढे घेतलीत तर वाइड लेन्सही चालेल.

खाली मात्र दोन गोष्टी विसरू नका: तिपाई आणि पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा फिल्टर. ओल्या कातळावरची आणि पानांवरची चकाकी पोलरायझरने जाते आणि खरा काळा-हिरवा रंग येतो. पाण्यासाठी शटर अर्धा सेकंद उघडं ठेवण्यापासून सुरुवात करा. दहा-दहा सेकंदांत पाण्याचा नुसता कापूस होतो, मला तो आवडत नाही. आकाश शक्यतो चौकटीबाहेर ठेवा. धबधब्याच्या तुषारांनी लेन्स सतत ओली होते, सुती फडकी दोन-तीन न्या. कुंडात पोहू नका.

जायचं कसं? पनवेलहून मुंबई-गोवा रस्त्याने कोलाड, पुढे विळ्यावरून ताम्हिणी घाट चढून पिंपरी. सूर्यास्त झाला की घाट उतरून पाटणूस किंवा भिऱ्यात मुक्काम करा. घरगुती सोय होते, तांदळाची भाकरी आणि पिठलं मिळतं, पण आधी फोन करून सांगा. सकाळी सहाला गावातला वाटाड्या घेऊन निघा. देवकुंडापर्यंत एका बाजूने सव्वादोन-अडीच तास लागतात, आधी धरणाच्या पाण्याच्या कडेने आणि मग जंगलातून. पिंपरीहून भिऱ्यापर्यंत उतरणारी अंधारबनाची वाट अप्रतिम आहे, जवळजवळ १३ किलोमीटर, पण गाडी वरच राहते. ती वाट गटाने जाल तेव्हासाठी ठेवा.

भिऱ्याच्या खालच्या पात्रातही फोटोचा मोह होईल, म्हणून सांगतो. तिथलं पाणी बरंचसं मुळशी धरणाचं असतं. सेनापती बापटांनी १९२१ मध्ये ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्याचं पाणी डोंगरातून इकडे उतरवून भिऱ्याला १९२७ पासून वीज होते. म्हणूनच कोलाडला भर उन्हाळ्यातही राफ्टिंग चालतं. पाणी सोडलं की पात्र भरतं, त्याचा पावसाशी काही संबंध नाही. पात्रात उतरण्याआधी गावात वेळ विचारा.

रविवारी एक वाजेपर्यंत जेवून निघालात, तर परतीला रोह्यावरून रेवदंड्याला या. इथे कुंडलिका समुद्राला मिळते, पलीकडे कोर्लईचा किल्ला आहे. काल संध्याकाळी ज्या दरीच्या तोंडाशी सूर्य बुडताना पाहिलात, तिचंच पाणी इथे खाडीतून समुद्रात जाताना दिसेल. तिथून अलिबाग, पेण करून रात्री जेवायला घरी पोचाल.