दमदार हायब्रीड सेडानसाठी दोन वर्षं थांबावं का?

भाऊ, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. बजेट 25 लाख. नागपुरात रोज मनीषनगर ते मिहान, महिन्यातून एकदा समृद्धी महामार्गावरून पुणे. सेडानच हवी, ऍव्हरेज हवं, आणि ऍक्सिलरेटर दाबला की पाठ सीटला चिकटली पाहिजे. अशी हायब्रीड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, दोनेक वर्षांत येईल का, थांबू का?

थांबू नका. अशा गाड्या जगात आहेत, पण तुमच्या-माझ्या खिशाजवळून जात नाहीत, आणि तशी चिन्हंही नाहीत.

मी स्वतः तीन वर्षांपासून हायब्रीड सेडान चालवून राहिलो, त्याआधी टर्बो पेट्रोल होती. शहरात हायब्रीडला तोड नाही. वर्धा रोडवर सिग्नल सुटला की मोटरचा टॉर्क, म्हणजे चाकाला मिळणारी ओढ, पहिल्या क्षणापासून हजर, गिअर नाही, टर्बो जागा होण्याची वाट नाही. ब्रेक लावला की तीच ऊर्जा परत बॅटरीत. पण सिल्लेवानी घाटात या गाडीनं मला तिचं दुसरं रूप दाखवलं. छिंदवाड्याला निघालो होतो, चार माणसं, डिकी भरलेली, मे महिना. सौंसरपर्यंत झकास. घाट चढताना दोन ट्रक एकापाठोपाठ ओलांडले आणि बॅटरीच्या काड्या तळाला गेल्या. पुढं मोटरचा जोर ओसरला आणि इंजिन नुसतं केकाटत राहिलं, आवाज ऐंशीचा, वेग पंचेचाळीसचा. मागून बायको म्हणाली, "काही तुटलं का?" तुटलं काहीच नव्हतं, गाडी तशीच बनवलेली आहे.

परतीला उलटं झालं. उतारावर अर्ध्या घाटातच बॅटरी भरली आणि गाडीनं वीज साठवणं बंद केलं. हिशेब सोपा आहे. माणसांसकट दीड टनाची गाडी 300 मीटर खाली उतरली की साधारण सव्वा युनिट ऊर्जा मोकळी होते, आणि आपल्याकडच्या अशा हायब्रीडची अख्खी बॅटरीच एखाद्या युनिटच्या आसपासची असते. ही ऍव्हरेजसाठी केलेली यंत्रणा आहे. तिच्यातून मिनिटभराचा जोश निघतो, घाटभराचा नाही.

घाटभराचा जोश हवा तर बॅटरी मोठी लागते, आणि मोठ्या बॅटरीसोबत वजन येतं. हल्लीची बीएमडब्ल्यू एम5 बघा: 4.4 लिटरचं व्ही8 म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, सोबत मोटर, मिळून 727 हॉर्सपॉवर, आणि वजन 2400 किलोच्या वर. मर्सिडीज-एएमजीनं सी63 मधलं व्ही8 काढून दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन आणि मोटर बसवली. ताकद 680 हॉर्सपॉवर, पण जुने चाहते आवाजासाठी अजून हळहळतात. तिची बॅटरी 6.1 युनिटची, नुसत्या विजेवर जेमतेम 13 किलोमीटर, कारण ती अंतर कापायला नाही, झटपट जोर द्यायला आणि लगेच परत भरायला केलेली आहे. अभियांत्रिकी म्हणून मला ती एम5 पेक्षा जास्त आवडते. दोन्ही गाड्या 2024 च्या नोव्हेंबरात भारतात आल्या, दोन कोटींना किंचित कमी.

या गाड्या हायब्रीड झाल्या त्यात वेगाची हौस आहेच, पण युरोपचे धुराचे नियम जास्त आहेत. या दोन्ही प्लग लावून चार्ज करायच्या हायब्रीड, आणि अशी गाडी चाचणीत भरलेल्या बॅटरीचा फायदा घेते, म्हणून कागदावर धूर कमी दिसतो आणि कंपनीचं सगळ्या गाड्यांच्या सरासरी धुराचं गणित सुटतं. म्हणजे वरच्या थरात ही जात टिकेल. आपला प्रश्न त्या थराचा नाही.

आपल्या थरात टॅक्सची गोम आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरपेक्षा लांब हायब्रीडला जीएसटी 40 टक्के, साध्या टर्बो पेट्रोल सेडानलाही 40, आणि इलेक्ट्रिकला 5. म्हणजे मोटर, बॅटरी, इन्व्हर्टरचा खर्च कंपनीनं करायचा आणि सवलत शून्य. त्यात चिनी कंपनी बीवायडीची सील सेडान आली, पूर्ण इलेक्ट्रिक, 530 हॉर्सपॉवर, शंभरचा वेग 3.8 सेकंदांत, आणि 2024 मध्ये आली तेव्हा 53 लाखांत. पाठ सीटला चिकटवायचीच असेल तर मधल्या बजेटचा माणूस हायब्रीड कशाला घेईल?

आता तुम्ही म्हणाल, बाहेर होंडा सिव्हिक हायब्रीड 200 हॉर्सपॉवरची मिळते. बरोबर, तुमच्या मनातली गाडी तीच आहे. पण सिव्हिक भारतातून 2020 मध्येच गेली. होंडानं 2005 च्या सुमारास अमेरिकेत व्ही6 अकॉर्ड हायब्रीड करून पाहिली होती, जोरासाठी हायब्रीड. दोन-तीन वर्षांत गुंडाळली, कारण हायब्रीड घेणाऱ्याला ऍव्हरेज हवं होतं आणि जोर हवा असणाऱ्याला हायब्रीड नको होती. आपल्याकडेही शोरूममध्ये पहिला प्रश्न ऍव्हरेजचाच. इकडे स्कोडानं 2025 मध्ये ऑक्टाव्हिया आरएस आणली, शुद्ध पेट्रोल, पन्नास लाखांना. गाड्या हातोहात गेल्या, पण किती? शंभर. अख्ख्या देशात. एवढ्या ग्राहकांसाठी कोणी इथं हायब्रीड सेडान जुळवायची लाइन टाकत नाही.

आता तुमचं रनिंग मांडू. मिहानला जाऊन-येऊन 28 किलोमीटर धरले आणि महिन्याला 25 दिवस, तर 700. पुण्याची एक फेरी 1400 च्या आसपास. म्हणजे तुमचे दोन तृतीयांश किलोमीटर हायवेचे आहेत, बहुतेक समृद्धीचे, जिथं गाडी तासन् तास 120 वर धावते, ब्रेक लागत नाही आणि परत मिळवायला ऊर्जाच नसते. माझी गाडी शहरात 22 देते आणि समृद्धीवर 120 ला 17. मिहान रोजचं म्हणून ते डोक्यात बसतं, पण पेट्रोल पुण्याला जळतं.

म्हणून माझं मत: 1.5 लिटर टर्बो पेट्रोलची फोक्सवॅगन व्हर्टस नाहीतर स्कोडा स्लाव्हिया. 150 हॉर्सपॉवर, आणि एकसारख्या वेगावर इंजिन आपणहून दोन सिलिंडर बंद करतं. ही सोय समृद्धीसाठीच केल्यासारखी वाटते. पुण्याच्या फेऱ्या थांबणार असतील तरच होंडा सिटी हायब्रीड बघा. वेगाची हौस मग मोटरच्या पहिल्या चाळीसपर्यंतच्या ओढीवर भागवायची.

टेस्ट ड्राइव्हचं एक सांगतो. शोरूमवाला सकाळी दहाला बोलावतो, एसी लावून गार केलेली गाडी देतो आणि अर्ध्या तासात परत घेतो. हायब्रीड बघायची तर नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, दुपारी दोनला जा, उन्हात उभी असलेलीच मागा. तापलेल्या बॅटरीला जपण्यासाठी गाडी मोटरचा हात आखडते, तो किती आणि किती वेळ, ते तिथंच कळेल. घरचे तिघं सोबत न्या आणि मागच्या सीटच्या खाली किंवा बाजूला हवेची जाळी आहे का बघा. बॅटरी तिथूनच गार हवा ओढते, आणि पुण्याला निघताना नेमकी त्याच जाळीवर संत्र्यांची पिशवी ठेवली जाते.